आखाड्यावर टीव्ही : घरची छत्री दुसऱ्या छपराखाली नेताना

हिंगोली – परभणीपासून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आलेल्या हिंगोली जिल्ह्यात अनेक शेतकरी कुटुंबांना दोन छपरे असतात. एक गावठाणातले घर आणि दुसरा शेतातला आखाडा. जनावरांचा गोठा, कडब्याची गंज, अवजारांची खोली आणि रात्री मुक्काम करता येईल अशी एखादी पत्र्याची खोली, असे आखाड्याचे सर्वसाधारण रूप असते. कळमनुरी तालुक्यातील आखाडा बाळापूरच्या तर नावातच हा शब्द आहे. हळद शिजविण्याचे व वाळविण्याचे दिवस आले, की घरातली कर्ती माणसे पंधरा-पंधरा दिवस आखाड्यावरच असतात. रब्बीच्या पाण्याच्या पाळ्याही बऱ्याचदा रात्रीच येतात. अशा वेळी 'आखाड्यावरही एखादा टीव्ही असावा' अशी इच्छा होणे स्वाभाविक आहे.

मात्र ही इच्छा पुरी करताना बहुतेक ठिकाणी एकच प्रकार घडतो. घरावरच्या छत्रीपासून मिळेल ती तार ओढली जाते. ती कधी बाभळीला, कधी विजेच्या खांबाला बांधत आखाड्यापर्यंत नेली जाते. पहिल्या दिवशी चित्र दिसते. आठवड्याभरात निम्म्या वाहिन्या नाहीशा होतात आणि पहिल्या वळिवात सेट टॉप बॉक्स जळतो. क्वचित प्रसंगी यापेक्षाही वाईट घडते. शहरात राहून गावाकडच्या घरासाठी अशी सोय करून देणाऱ्यांनी, तसेच बंगल्यामागील खोली, गॅरेज अथवा गच्चीवरील खोलीत जोडणी नेऊ इच्छिणाऱ्यांनी, यामागील तंत्र आधी समजून घेतलेले बरे.

छत्रीपासून पडद्यापर्यंत

उपग्रह पृथ्वीच्या विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो. तेथून येणारा संकेत अतिशय क्षीण असतो. छत्री तो एका बिंदूपाशी गोळा करते. त्या बिंदूपाशी बसविलेला भाग म्हणजे एलएनबी. तो संकेताची ताकद वाढवितो आणि त्याची कंप्रता सुमारे ११-१२ गिगाहर्ट्‌झवरून ९५० ते २१५० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात खाली आणतो. हा उतरविलेला संकेतच तारेतून सेट टॉप बॉक्सकडे जातो.

हीच तार उलट दिशेनेही काम करीत असते, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. एलएनबीला लागणारी वीज सेट टॉप बॉक्सकडून याच तारेतून वर जाते. हा विजेचा दाब १३ किंवा १८ व्होल्ट असतो आणि त्यावरूनच एलएनबीला कोणत्या ध्रुवीकरणाचे संकेत हवेत हे कळते. म्हणजे १३ व्होल्टवर वाहिन्यांचा एक गट मिळतो आणि १८ व्होल्टवर दुसरा. पुढील बहुतेक अडचणींचे मूळ या दुहेरी वाहतुकीत आहे.

प्रथम अंतर मोजावे

डीटीएचसाठी वापरली जाणारी तार 'आरजी-६' या नावाने मिळते. ती ७५ ओहमची समाक्ष तार असते. मधोमध एक तार, तिच्याभोवती फेसाळ प्लास्टिक, त्यावर पातळ पन्नी व जाळी आणि सर्वांत बाहेर आवरण अशी तिची रचना असते. संकेत या तारेतून जाताना दर मीटरला थोडा थोडा क्षीण होत जातो. वरच्या कंप्रतेला ही घट दर १०० मीटरला सुमारे ३० डेसिबल इतकी असते. दर ३ डेसिबलला ताकद निम्मी होते. या हिशेबाने ३० मीटर तारेनंतर संकेताचा सुमारे आठवा हिस्सा उरतो, ७० मीटरनंतर सव्वाशेवा, तर १०० मीटरनंतर केवळ हजारावा.

हे आकडे धडकी भरविणारे वाटले, तरी एलएनबी संकेत भरपूर वाढवून देत असल्याने ३० ते ४० मीटरपर्यंत चांगल्या तारेत काहीही अडचण येत नाही. अंगणापलीकडचा गोठा किंवा परसातील खोली या अंतरात सहज बसते. ५० मीटरपुढे मात्र जपून पावले टाकावी लागतात. तेथे 'आरजी-११' ही जाड तार वापरल्यास घट सुमारे एकतृतीयांशाने कमी होते. दुसरा उपाय म्हणजे संकेतवर्धक, अर्थात लाइन ॲम्प्लिफायर. तो छत्रीच्या जवळच्या टोकाला बसवावा, आखाड्याच्या टोकाला नव्हे. क्षीण होऊन गेलेला संकेत शेवटी वाढविला, तर त्यासोबत गोंगाटही तितकाच वाढतो आणि हाती काही लागत नाही.

अंतर पावलांनी न मोजता टेपने मोजावे. छत्रीपासून खाली उतरणारी तार, भिंतीवरून जाणारी तार, जमिनीतील मार्ग आणि आखाड्यातील शेवटचे वळण हे सारे त्यात धरावे. उघड्या डोळ्यांना ५० मीटर वाटणारे अंतर प्रत्यक्ष तारेत ६५-७० मीटर भरते.

निम्म्याच वाहिन्या का दिसतात?

'काही वाहिन्या दिसतात, काही दिसत नाहीत' ही लांब तारेची सर्वांत सामान्य तक्रार आहे. अशा वेळी दोष छत्रीच्या दिशेला दिला जातो आणि ती विनाकारण हलविली जाते. खरे कारण बहुधा तारेच्या गाभ्यात असते.

बाजारातील स्वस्त आरजी-६ तारेचा गाभा तांब्याचा नसतो. त्यात पोलादी तारेवर तांब्याचा पातळ मुलामा असतो. संकेतासाठी ती चालते, कारण उच्च कंप्रतेचा प्रवाह तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहतो. परंतु एलएनबीला जाणारी वीज संपूर्ण गाभ्यातून वाहते आणि पोलादाचा विरोध तांब्याच्या कितीतरी पट असतो. अशा १०० मीटर तारेत जाऊन-येऊन सुमारे ११-१२ ओहम विरोध धरला आणि एलएनबी १५० मिलिअँपिअर वीज घेते असे मानले, तर वाटेत सुमारे पावणेदोन व्होल्ट गळून पडतात. बॉक्सने सोडलेले १८ व्होल्ट एलएनबीपाशी सव्वासोळा होतात आणि १३ चे सव्वाअकरा. एलएनबीच्या दृष्टीने हे दोन्ही आकडे काठावरचे आहेत. त्यामुळे एखादा गट कधी लागतो, कधी लागत नाही.

यावर उपाय सोपा आहे. लांब अंतरासाठी पूर्ण तांब्याच्या गाभ्याचीच तार घ्यावी. ओळखण्यासाठी खिशात छोटे लोहचुंबक ठेवावे. तारेचे टोक सोलून ते गाभ्याला लावावे. चिकटले तर आत पोलाद आहे. दुकानदाराच्या शब्दापेक्षा ही परीक्षा अधिक भरवशाची आहे.

एक छत्री, दोन संच

घरी एक टीव्ही आणि आखाड्यावर दुसरा, दोन्हीकडे स्वतंत्र वाहिन्या पाहायच्या असतील, तर दोन सेट टॉप बॉक्स लागतातच. प्रश्न असतो तो एकाच छत्रीवर दोन बॉक्स कसे चालवावेत हा. साधा 'स्प्लिटर' लावून तार दोन ठिकाणी फोडणे हा मार्ग बहुतेक वेळा फसतो. घरच्या बॉक्सने १८ व्होल्ट मागितले आणि त्याच वेळी आखाड्यावरच्या बॉक्सने १३, तर एकच एलएनबी दोघांचे समाधान करू शकत नाही. एकाने वाहिनी बदलली, की दुसऱ्याचे चित्र जाते आणि घरात विनाकारण भांडण लागते.

त्यासाठी छत्रीवर दोन तोंडांची 'ट्विन' एलएनबी बसवावी. ती दिसायला एकच असली, तरी आतून दोन स्वतंत्र एलएनबी असतात. प्रत्येक बॉक्सला तिच्यापासून स्वतंत्र तार जाते. तीन-चार संच असतील तर चार तोंडांची 'क्वाड' एलएनबी किंवा मल्टिस्विच लागतो. खासगी कंपनीची जोडणी असल्यास दुसरा बॉक्स त्या कंपनीकडूनच घ्यावा आणि तो शेतातल्या जागेत नेण्यास कंपनीची हरकत नाही ना, हे आधी विचारून घ्यावे. जोडणी नोंदविलेल्या पत्त्यावरच वापरावी, अशी अट सहसा असते. एका घरातील अतिरिक्त संचांसाठी नेटवर्क शुल्क पहिल्या संचाच्या ४० टक्क्यांहून अधिक असू नये, असे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२० मध्ये ठरविले होते. २०२४ मधील दुरुस्तीने या शुल्कावरील कमाल मर्यादा उठवून ते ठरविण्याचे काम कंपन्यांवर सोपविण्यात आले. त्यामुळे मासिक खर्च किती वाढेल, हे तार टाकण्यापूर्वीच स्पष्ट करून घेणे शहाणपणाचे.

दोन्हीकडे एकच वाहिनी चालणार असेल, तर घरच्या बॉक्सपासून दुसऱ्या पडद्यापर्यंत केवळ चित्र नेणेही शक्य आहे. मात्र साध्या एचडीएमआय तारेची मजल दहा-पंधरा मीटरपर्यंतच असते. त्यापुढे नेटवर्कच्या तारेवरून चालणारे विस्तारक यंत्र लागते. शिवाय वाहिनी बदलण्यासाठी प्रत्येक वेळी घरी यावे लागते, हा त्रास वेगळाच.

काळ्या मातीतला मार्ग

तार जमिनीखालून न्यावी की वरून, याचे उत्तर जागेवर अवलंबून आहे. हिंगोलीची काळी माती कपाशी-सोयाबीनला चांगली असली, तरी पुरलेल्या तारेला ती तितकीशी मानवत नाही. पावसाळ्यात ही माती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात-हातभर भेगा पडतात. थेट मातीत पुरलेली तार या ओढाताणीत ताणली जाते व जोडातून निसटते. म्हणून तार पीव्हीसी नळीतूनच न्यावी. चर किमान दीड-दोन फूट खोल असावा. नांगर वा रोटाव्हेटर फिरणाऱ्या पट्ट्यातून मार्ग नेऊच नये. बांधाच्या कडेने न्यावा. चराच्या तळाशी वाळूचा थर द्यावा, दोन्ही टोकांना थोडी तार सैल ठेवावी आणि नळीची तोंडे बंद करावीत. तोंड उघडे राहिले, की उंदरांना आयते बीळ मिळते. मार्गाच्या मध्ये कोठेही जोड देऊ नये. द्यावाच लागला, तर तो जमिनीच्या वर, झाकणाच्या डबीत असावा.

तार वरून न्यायची झाल्यास तिचा भार तिच्यावरच टाकू नये. जस्ताचा लेप असलेली लोखंडी तार ताणून तिला ही तार ठरावीक अंतरावर बांधावी. बैलगाडी, चाऱ्याने भरलेली ट्रॉली आणि मळणीयंत्र खालून निर्वेध जाईल एवढी उंची ठेवावी. काळ्या आवरणाची तार घ्यावी. पांढरे आवरण मराठवाड्याच्या उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांतच तडकते. आखाड्यात शिरण्यापूर्वी तारेला खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तारेवरून ओघळत आत न येता तेथेच ठिबकून जाईल.

सर्वांत कमजोर जागा म्हणजे टोकाचा जोड. पिळून बसविण्याच्या जोडाऐवजी दाबून बसविण्याचा एफ-कनेक्टर वापरावा. जाळीचा एकही तंतू गाभ्याला लागता कामा नये. छत्रीपाशी जोडावर रबरी टोपी किंवा जलरोधक टेप असावी. एकदा पाणी आत गेले, की ते फेसाळ प्लास्टिकमधून पुढे सरकत जाते आणि सबंध तार निकामी होते.

जीवावर बेतणाऱ्या चुका

आतापर्यंत सांगितलेल्या चुकांनी फार तर पैसे वाया जातात. पुढील चुका मात्र जीवावर बेतू शकतात.

पहिली चूक विजेच्या खांबाची. टीव्हीची तार महावितरणच्या खांबाला अथवा विजेच्या तारांच्या जवळून नेऊ नये. वाऱ्याने एक तार दुसरीवर पडली, तर २३० व्होल्टचा प्रवाह थेट घरातल्या संचापर्यंत येतो. घरातील वायरिंगमध्येही दोन्ही तारा एका नळीतून न नेता त्यांच्यात फूटभर अंतर ठेवावे. एकमेकींना ओलांडावेच लागले, तर काटकोनात ओलांडावे. आखाड्यावर आकडा टाकून घेतलेल्या विजेवर टीव्ही चालविणे हा तर गुन्हा आहेच, शिवाय तेथे फ्यूज नाही, अर्थिंग नाही आणि संरक्षणही नाही.

दुसरी चूक फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. घर आणि आखाडा या दोन वास्तूंची अर्थिंग वेगवेगळी असते. आखाड्यावरील मोटारीचे वेष्टन खराब झाले आणि तिची अर्थिंग निकामी असली, तर तेथील लोखंडी पेटीवर वीज उतरते. टीव्हीच्या तारेची बाहेरची जाळी या दोन वास्तूंना धातूने जोडते. अशा स्थितीत शेतातला दोष गावातल्या घरापर्यंत येतो आणि टीव्हीमागची तार काढावयास गेलेल्याला झटका बसतो. म्हणून दोन वास्तूंमध्ये तार टाकताना दोन्हीकडची अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावी, छत्रीचा खांब व तारेची जाळी अर्थिंगला जोडावी आणि दोन्हीकडे ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी बसवावा.

तिसरा धोका आकाशातला. मराठवाड्यात मृगाच्या आधीचे वळीव आणि परतीचा पाऊस हे वीज कोसळण्याचे दिवस असतात. दरवर्षी या काळात शेतात माणसे आणि जनावरे दगावतात. उघड्या शेतातून गेलेली लांब धातूची तार ही विजेसाठी वाटच होय. वीज थेट तारेवर कोसळली नाही, तरी जवळपास पडल्याने तारेत मोठा दाब उत्पन्न होतो आणि दोन्ही टोकांची यंत्रे जळतात. अर्थिंगने हा धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. ढग दाटून येऊ लागताच टीव्हीची व बॉक्सची पिन काढावी आणि छत्रीची तारही सोडवून ठेवावी. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र तारेला हात लावू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे ॲप आसपासच्या परिसरातील विजांचा इशारा देते. आखाड्यावर झोपणाऱ्याच्या मोबाइलमध्ये ते असणे टीव्हीपेक्षाही गरजेचे आहे.

आखाड्यावरच स्वतंत्र छत्री

हा सारा हिशेब मांडल्यावर एक साधा निष्कर्ष निघतो. अंतर शंभर मीटरच्या पुढे असेल किंवा दोन वास्तूंची वीजजोडणी वेगळी असेल, तर तार ओढण्यापेक्षा आखाड्यावर वेगळी छत्री बसविणेच सोयीचे, स्वस्त आणि सुरक्षित ठरते. दूरदर्शनने १६ डिसेंबर २००४ रोजी 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू केलेली आणि आता 'डीडी फ्री डिश' म्हणून ओळखली जाणारी सेवा त्यासाठी योग्य आहे. तिला मासिक शुल्क नाही. छत्री आणि बॉक्स एकदा विकत घेतला, की खर्च संपला. बॉक्स मात्र एमपेग-४ प्रकारचा घ्यावा. जुन्या एमपेग-२ बॉक्सवर कमी वाहिन्या दिसतात. सह्याद्री वाहिनी आणि २६ मे २०१५ पासून सुरू झालेली डीडी किसान वाहिनी या सेवेवर मिळते.

फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. हिंगोलीहून पाहता तो दक्षिणेपासून सुमारे ४१ अंश पूर्वेकडे, म्हणजे ढोबळमानाने आग्नेयेला आणि क्षितिजापासून सुमारे ६० अंश उंचीवर येतो. ८३ अंशांवरील उपग्रह वापरणाऱ्या कंपनीची छत्री दक्षिणेपासून केवळ १७ अंश पूर्वेकडे व ६६ अंश उंचीवर रोखलेली असते. म्हणूनच एका सेवेची छत्री दुसऱ्या सेवेला तशीच चालत नाही, ती पुन्हा फिरवावी लागते. नेहमीची छत्री 'ऑफसेट' प्रकारची असल्याने ती प्रत्यक्षातील कोनापेक्षा बरीच उभी दिसते. त्यामुळे डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नये. खांब ओळंब्यात उभा असावा आणि शेवटची जुळवणी बॉक्सच्या पडद्यावरील 'क्वालिटी'चा आकडा पाहून करावी. 'स्ट्रेंग्थ' भरपूर आणि 'क्वालिटी' शून्य असेल, तर छत्री चुकीच्या दिशेला आहे असे समजावे.

झाडांचा हिशेबही सोपा आहे. छत्रीपेक्षा १० मीटर उंच कडुनिंब आग्नेयेला असेल, तर तो किमान सहा-सात मीटर दूर हवा. झाड वाढते, फांद्या पसरतात, हेही धरून चालावे. पत्र्यावर छत्री बसवू नये. वाऱ्याने पत्रा थरथरला, की चित्र तुटते. जमिनीत काँक्रीटमध्ये रोवलेला लोखंडी खांब उत्तम. जनावरांची अंगे त्यावर घासली जाणार नाहीत अशी जागा निवडावी.

मुसळधार पावसात काही मिनिटे चित्र गेल्यास तो दोष नव्हे. या कंप्रतेचे संकेत पावसाच्या थेंबांत शोषले जातात. तसेच मार्चचा पहिला पंधरवडा व ऑक्टोबरचा पूर्वार्ध या काळात सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. हिंगोलीत फ्री डिशच्या छत्रीला सकाळी अकराच्या सुमारास काही दिवस, काही मिनिटे हा अडथळा येतो. त्यासाठी कोणालाही बोलावून पैसे देण्याची गरज नाही.

विजेचे काय?

शेतीच्या फीडरवर वीज पाळीने येते, त्यामुळे आखाड्यावरचा टीव्ही अनेकदा नको त्या वेळी बंद असतो. २४ इंची एलईडी संच व बॉक्स मिळून साधारण ४० वॉट वीज लागते. रोज चार तास धरले तर १६० वॉट-तास. १०० वॉटचे सौर पॅनेल आणि १२ व्होल्टची ४० अँपिअर-तासांची बॅटरी एवढी गरज भागवून एखादा दिवा आणि मोबाइलचे चार्जिंगही करते. १२ व्होल्टवर थेट चालणारा संच व बॉक्स घेतला, तर इन्व्हर्टरचीही आवश्यकता उरत नाही.

१९७५-७६ मध्ये देशातील सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहावरून थेट दूरचित्रवाणी दाखविण्याचा 'साइट' प्रयोग झाला. त्यात महाराष्ट्र नव्हता. तेव्हा खेड्यातल्या संचासाठी जाळीची सुमारे दहा फुटी छत्री लागे आणि सारे गाव एका पडद्यासमोर बसे. आज दोन फुटी छत्री शेतातल्या एका खोलीलाही पुरते. बाजारभाव, हवामान आणि बातम्या रात्रीच्या राखणीला बसलेल्या माणसापर्यंत पोहोचणे ही चैन नव्हे. ती सोय करताना त्याच्याच जीवाला धोका होऊ नये, एवढी काळजी घेतली म्हणजे झाले.

थोडक्यात

• ४० मीटरपर्यंत : चांगली आरजी-६ तार, ट्विन एलएनबी, स्वतंत्र बॉक्स.
• ५० ते १०० मीटर : पूर्ण तांब्याचा गाभा किंवा आरजी-११, गरज पडल्यास छत्रीजवळ संकेतवर्धक.
• १०० मीटरपुढे किंवा वीजजोडणी वेगळी असल्यास : आखाड्यावर स्वतंत्र छत्री.
• तार पीव्हीसी नळीतून, बांधाच्या कडेने; विजेच्या खांबाला कधीही नाही.
• दोन्हीकडे तपासलेली अर्थिंग आणि आरसीसीबी.
• ढग दिसताच पिन आणि छत्रीची तार दोन्ही काढावीत.